मौजे शेंदाळे, भीमेचे काठी

मला राग लवकर येतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असेल. पण आत्याच्या आईचं गाव शोधायला लागल्यापासून जो राग आला, तो अजून गेलेला नाही. त्याची सुरुवात चुलतभावाच्या ओट्यावर झाली. आमच्या घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा कागदपत्रांची ट्रंक त्याच्या वाट्याला गेली. तीत पणजोबांचं आणि आजोबांचं अशी दोन मृत्युपत्रं आहेत हे मला ठाऊक होतं. ती बघायला मी नगरहून आमच्या गावी, श्रीगोंद्याच्या पुढे, एसटीने गेले. भावाने चहा दिला, ट्रंक काही काढली नाही.

"दाखल्यासाठी पायजेत का?" तो म्हणाला. "मंग झेरॉक्स देतो की. म्या समद्यांच्या काढून ठिवल्यात."

हल्ली आमच्या जिल्ह्यात जुना कागद म्हटला की लोकांना जातीचा दाखलाच आठवतो. ज्यांनी कधी बापाचं पत्र नीट घडी घालून ठेवलं नाही ते आता खापरपणजोबांच्या नोंदी शोधत तालुक्याला चकरा मारतात. मी म्हटलं, दाखला नको, आत्याच्या आईचं माहेर शोधायचं आहे. त्यावर तो हसला. मनापासून हसला, हे वाईट.

"बाईमानसाचं गाव शोधून काय करायचं, ताई? आन ती तर कवाच गेली."

आता ही आत्या कोण ते सांगते. आत्या माझ्या वडिलांची सावत्र बहीण. आजोबांची पहिली बायको आत्याला जन्म देऊन बाळंतपणातच गेली. मग आजोबांनी दुसरं लग्न केलं, ती माझी सख्खी आजी. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. आता ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात, फोटो काढतात, पेढे वाटतात आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात टाकतात. तेव्हा तेवढंही नव्हतं. घरातल्या मोठ्याने अमुक नाव म्हटलं की झालं. तर पहिलीचं असं एक नाव आमच्या घराने ठेवलं होतं. ती गेली, माझी आजी आली, आणि तिलाही तेच नाव ठेवलं. का, तर घरातल्यांच्या जिभेला तेच वळण पडलेलं होतं. वर तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला, म्हणजे मेलेल्या पहिलीची चांदीची छोटीशी प्रतिमा. माझी आजी ती आयुष्यभर गळ्यात घालून भाकऱ्या थापत होती.

आत्या अशा घरात वाढली. तिच्या मेलेल्या आईच्या नावाने दिवसभर हाका व्हायच्या आणि वळून बघायची ती दुसरीच बाई. माझी आजी वाईट नव्हती. आत्याला तिने पोटच्या पोरीसारखं केलं, आत्या स्वतः सांगते. पण पितृपक्षात अविधवा नवमी आली, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा दिवस आला, की ताट त्याच नावाने वाढलं जायचं आणि ते वाढणारीही त्याच नावाची. आत्या लहानपणापासून ते बघत आली. आता ती ऐंशीच्या पुढे आहे, कर्जतला मुलाकडे असते, गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. गेल्या वर्षी मला म्हणाली, "ते नाव तुमच्या घरचं. तिच्या आईनं तिला काय म्हनून हाक मारली आसंल, तेवढं मला कळाया पायजे. मरायच्या आदी एकदा तिला तिच्या नावानं ताट वाढते."

एवढंच तिचं मागणं. आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिली गेल्यावर तिच्या माहेरच्यांशी दागिन्यांवरून वाजलं, येणं-जाणं तुटलं, आणि त्या गावाचं नावही घरात काढायचं नाही असं ठरलं. आत्याला कोणीतरी एकदा 'भीमेकडं कुठंतरी' एवढं सांगितलं होतं. नवरा, सासरा, दीर, सगळे त्या गावाला वरात घेऊन गेले असतील, तिथे जेवले असतील, आणि कोणीही पुढच्या पिढीला ते गाव सांगितलं नाही. जेवण मात्र कसं होतं ते सांगितलं असेल.

भावाशी मी ओट्यावर एवढी भांडले की शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली. शेवटी त्याने ट्रंक दिली. लोक बघतात म्हणून दिली, माझं पटलं म्हणून नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नगरला मोडीचा वर्ग केला होता. हौस म्हणून केला होता, तो इथे कामाला आला. पणजोबांचं मृत्युपत्र मोडीत आहे, कोणा कारकुनाच्या झरझर हातचं. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ एका दमात पुढे जाते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर कोणाला सोयरसुतकच नाही. दोन आठवडे भिंग घेऊन बसले तेव्हा ते सगळं लागलं. पणजोबांचं लक्ष बारीक होतं. विहिरीतला हिस्सा, मोटेचा वार, तांब्याची घंगाळं, गोठ्यातली दावी, सगळं लिहिलेलं. बैलांचे रंग लिहिलेले. बैलांची नावंसुद्धा लिहिलेली, कोणता बैल कोणत्या मुलाला द्यायचा त्यासहित. आणि त्याच्याखाली एक ओळ होती: थोरली सून मयत, मौजे सेंदाळ येथील पाटलाची कन्या, तिचे पोरीस लग्नापर्यंत घरातून अन्नवस्त्र द्यावे.

बैलांना नावं होती, सुनेला नव्हतं. मी भिंग बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली.

असो. निदान गाव तरी मिळालं, असं वाटलं. मग आजोबांचं मृत्युपत्र काढलं. ते देवनागरीत, बरंच नंतरचं. त्यात तेच गाव 'शिंदोळे' झालेलं. म्हणजे बाप एक लिहितो, मुलगा दुसरं लिहितो, आणि हा मुलगा त्या गावचा जावई! बोहल्यावर उभा राहिला त्या गावाचं नाव त्याला नीट लिहिता आलं नाही. तिसरं मृत्युपत्र पणजोबांच्या धाकट्या भावाचं. ते नोंदणी केलेलं होतं म्हणून त्याची नक्कल काढायला मी कचेरीत गेले. कोणत्या ते सांगत नाही, सगळीकडे तसंच आहे. खिडकीतल्या माणसाने विचारलं, तुम्ही वारस का? मी म्हटलं, त्यांच्या घरातली मुलगी. तो म्हणाला, मग भावाला पाठवा. मी त्याला बाकीच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात कायदा सांगितला. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज आहे. नक्कल मिळाली. त्यात गाव 'सेंधळे, भीमेचे काठी' होतं.

भीमेचे काठी! पणजोबांना आणि आजोबांना जे सुचलं नाही ते त्या चुलतपणजोबांना सुचलं. त्यांनी तिथे काय केलं ठाऊक नाही, बहुतेक बैल विकला असेल, पण नदी लिहिली. ही नक्कल हाती यायच्या आधी, आत्याच्या ऐकीव 'भीमेकडं'वर विसंबायचं नाही म्हणून, मी नुसत्या नावावरून भटकत होते. देवळाली प्रवराच्या बाजूला एक सारखंसं नाव नकाशात दिसलं म्हणून तिकडेही जाऊन आले. उसाच्या ट्रॅक्टरमागे तासभर धूळ खात गेले. तिथल्या एका गृहस्थांनी फार प्रेमाने बसवलं. आपण पाहुणेच, असं म्हणाले. त्यांच्याकडून श्रीगोंद्याकडे मुलगी कधी दिली गेली का, हे विचारायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या कागदात आमच्या गावाचं नाव हाय ना? मंग आमालाबी एक झेरॉक्स द्या. आमच्या पोराच्या दाखल्याला जोडतो." मेलेली बाई कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

भीमेच्या काठाने शोधल्यावर गाव एकच राहिलं. आत्याच्या घरापासून जीपने दीड-दोन तासांवर. एवढ्या जवळ! आत्या ऐंशी वर्षं ज्या गावाला मुकली तिथला ऊस तिच्या मुलाच्या गावावरून कारखान्याला जातो. एसटीच्या पाटीवर गाव एका तऱ्हेने लिहिलंय, ग्रामपंचायतीच्या कमानीवर दुसऱ्या, आणि मोबाईलमध्ये तिसऱ्या. आता जिल्ह्याचंच नाव बदललं, तरी आत्या कंडक्टरकडे नगरचंच तिकीट मागते आणि तो देतो. माणसं पोचतात. मला आता त्या वेलांट्यांचं काही वाटत नव्हतं. मी ग्रामपंचायतीत फोन करून विचारलं की जुन्या पाटलांचं घर अजून आहे का. आहे, म्हणाले. का विचारता? मी म्हटलं, त्यांच्या घरातल्या एका लेकीची लेक यायची आहे, जुन्या मृत्युपत्रातून गाव सापडलं.

ही माझी चूक झाली. मृत्युपत्र हा शब्द उच्चारायला नको होता.

आत्या त्या दिवशी नवं पातळ नेसली. नातवाची जीप, पुढे आत्या, मागे मी. वाटेत तिने एकदा जीप थांबवायला लावली आणि शेताकडे बघत बसली. मग म्हणाली, "ह्याच वाटंनं गेली आसंल न्हाई ती, बाळातपनाला?" मी नातवाला चल म्हटलं.

घर सिमेंटचं, दुमजली, दारात ट्रॅक्टर. आत्याच्या मामाचा नातू पुढे आला, साठीच्या आसपासचा माणूस, टोपी, पांढरा सदरा. नात्याने आत्या त्याचीही आत्याच लागते. त्याने वाकून पाया धरले. आत्याचे डोळे भरले. मलाही क्षणभर आपण उगाच जगावर चिडतो असं वाटलं.

"आत्या, लई बरं झालं तुमी आल्या. बसा. च्या टाक गं," त्याने आत हाक दिली. बैठकीच्या भिंतीवर फ्लेक्सवर छापलेली वंशावळ लावली होती, दाखल्यासाठी करून घेतलेली. वरपासून खालपर्यंत सगळे पुरुष. एकेका पुरुषाखाली रेघा, रेघांखाली पुरुष. या घरात पिढ्यानपिढ्या पुरुषच पुरुषांना जन्म देत आले असावेत असा तो कागद. आत्याला वाचता येतं. ती चष्मा लावून तो बराच वेळ बघत राहिली, मग चष्मा काढून खाली बसली.

चहाच्या आधी ताट आलं. ताटात साडी, खण, नारळ, कुंकवाचा करंडा. करंडा बघून त्याने जीभ चावली, आत्याच्या कपाळाकडे बघितलं आणि तो उचलून मागे ठेवला. साडीच्या खाली कागद होता. आमच्याकडे बहिणींकडून अशाच सह्या घेतात. साडी वर, हक्कसोडपत्र खाली. भाऊबीजेला घेतात, राखीपौर्णिमेला घेतात, बापाच्या तेराव्याला घेतात. बहीण साडी उचलते, कागद तिच्यापुढे राहतो. इतका सरावाचा प्रकार आहे की त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. तो खरोखर पाहुणचार करत होता.

"आदी एवढं उरकून घिऊ, आत्या. मंग निवांत जेवायलाच बसू. पुरनाचं केलंय."

मी कागद ओढून घेतला. स्टँपपेपरवर टाइप केलेलं. तालुक्याच्या वकिलाने घाईत तयार केलेलं असावं. मी, लिहून देणार, मयत अमकीची मुलगी, माझ्या आईच्या वडिलांच्या मिळकतीतील माझा सर्व हक्क, हितसंबंध, राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय. कायद्याने तिचा हिस्सा होता, हे त्याला माझ्याआधी समजलेलं होतं. नदीकाठची जमीन, ऊस, वर तिथून नवा रस्ता जाणार म्हणून मोजणी चाललेली. मी एक फोन केला होता आणि त्या फोनवर याने वकील गाठला होता.

"हिला जमीन नको आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ही जमिनीसाठी आलेलीच नाही!"

"त्येच तर म्या म्हनतोय, ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "नको हाय तर सही करायला काय हरकत?"

मी उठले. आत्याला म्हटलं, चल, ऊठ, पाणीसुद्धा पिऊ नकोस इथे. ऐंशी वर्षांत एकदा कोणी चौकशी केली नाही, ही जिवंत आहे का मेली विचारलं नाही, आणि आज आली तर दारातच तोडून टाकायचा कागद तयार! मी आणखीही बरंच बोलले. त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती.

आत्याने माझा हात धरून मला खाली बसवलं. तिच्या हातात अजून जोर आहे.

"द्या. करते सही," ती त्याला म्हणाली. "पन हितं टिंबं टिंबं हायेत. मयत म्हनून पुढं मोकळीच जागा. हितं काय लिव्हायचं?"

"तुमच्या आईचं नाव, आत्या. ते तुमी सांगा. वकील म्हनला, त्यांनाच इचारा."

"म्या तर तेच इचारायला आले."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. आत्या हसली नाही.

"माझ्या सासरचं नाव माझ्याकडं हाय. माझ्या बापाच्या घरानं तिचं ठिवलेलं नावबी म्हाईत हाय. ते न्हाई चालायचं. ती तुमच्या घरची लेक हुती. तुमच्या घरी तिला काय म्हनायचे, ते लिव्हा, मंग करते सही. बिननावाच्या बाईचा हिस्सा म्या कसा सोडू?"

मग जी धावपळ झाली ती मी डोळ्यांनी बघितली. ज्या घराला ऐंशी वर्षं त्या मुलीची आठवण झाली नव्हती ते घर तिचं नाव शोधायला लागलं. त्याने भावकीत फोन लावले. एक म्हातारा म्हणाला, थोरल्या पाटलाला लेक हुती का? दुसऱ्याने सांगितलं, व्हती एक, बाळातपनात गेली, नाव कुनाला ठावं. त्याने वकिलाला फोन करून विचारलं, नाव नसेल तर चालतं का. चालत नव्हतं. तो फ्लेक्सपुढे जाऊन उभा राहिला आणि वरपासून खालपर्यंत बघू लागला, जणू तिथे कुठेतरी ती असेल. मला त्या वेळी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फार बरं वाटत होतं मला.

आतल्या खोलीतून कोणीतरी बोललं. दाराआड खाट होती आणि खाटेवर त्याची आई. अंगाने सुकलेली, आत्याच्याच वयाची. आम्ही आल्यापासून ती तिथे होती आणि आम्हाला कोणी तिच्याकडे नेलं नव्हतं.

"मला इचार की," ती म्हणाली.

"आई, तू गप पड. तुला काय म्हाईत? तू तर लई नंतर आली ह्या घरात."

"आले म्हनूनच म्हाईत हाय."

आत्या उठली. माझा हात न धरता उठली आणि आत गेली. मी मागे गेले. आत्या खाटेच्या कडेला बसली. नात्याने दोघी नणंद-भावजय, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींना बघत होत्या.

"वैनी, तुमाला म्हाईत हाय?"

"वन्सं, माझं लगीन झालं न, तवा माझं नाव बदाललं," म्हातारी सांगू लागली. तिला दम लागत होता, पण थांबत नव्हती. "समद्यांचंच बदालत्यात. पन माझं मांडवातच बदाललं, नाव इचारल्या इचारल्या. सासूबाई म्हनल्या, हे नाव आमच्या घरात नको. ह्या नावाची ननंद हुती माझी, गेली बाळातपनात. मामंजींम्होरं कुनी हे नाव घेतलं की ते जेवत्या ताटावरनं उठत्यात. म्हनून माझं काढलं आन दुसरं ठिवलं. म्या इचारलं न्हाई. नवी नवरी काय इचारनार? पन म्हनलं, बाई गं, तू मेलीस आन माझंबी नाव घिऊन गेलीस."

"काय नाव, वैनी?"

म्हातारीने दाराकडे बघितलं. मुलगा उंबऱ्यात उभा होता, सून त्याच्या मागे. तिने पदर तोंडाशी घेतला आणि नाव सांगितलं. हळू सांगितलं. स्वतःचंच नाव सांगायचं होतं आणि एखाद्या परक्याच्या वस्तूला हात लावावा तसं सांगितलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. तीन मृत्युपत्रांत ते कोणाला लिहावंसं वाटलं नाही. आता मी ते चारचौघांत वाचायला देणार नाही. साधंच आहे. आमच्या भागात त्या काळी घरोघर असायचं.

आत्याने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते. मी मुलाकडे बघितलं. साठीचा माणूस, आणि आपल्या आईचं मूळ नाव त्याने त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. निदान खाटेजवळ येईल. त्याने खिशातलं पेन काढलं.

"पयली वेलांटी का दुसरी?" त्याने विचारलं. "न्हाई म्हंजे, रजिस्ट्रीला पुना अडचन नको."

"अहो, तुमच्या आईचं नाव आहे ते!" मी ओरडले.

"व्हय की. पन हितं आत्यांच्या आईचं लिव्हायचंय."

मी त्याच्या हातातला कागद हिसकावून फाडणारच होते. आत्याने तो आधी घेतला. त्याच्याकडून नाव लिहून घेतलं, चष्मा लावून वाचलं, त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं आणि सही केली. मी तिचं मनगट धरलं होतं. तिने "सोड" म्हटलं, मी सोडलं. तिची सही सावकाश होते, एकेक अक्षर सुटं. आणि ती सहीसुद्धा सासरच्यांनी ठेवलेल्या नावाची. मला रडू आलं ते रागाने आलं, हे मी पुन्हा सांगते. तिच्या हक्काची जमीन गेली म्हणून नाही. ज्याची किंमत नसायला हवी ते तिला विकत घ्यावं लागलं, म्हणून.

त्याने कागदावर फुंकर घातली, घडी केली आणि तो वरच्या मजल्यावर ठेवायला निघाला. सून म्हणाली, पानं घेते. आत्याने साडीच्या ताटाला हातही लावला नव्हता. ती खाटेवरच बसून होती, भावजयीचा हात हातात घेऊन. मग तिने हाक मारली. त्या नावाने मारली. कुजबुजत नाही, शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या बाईला मारतात तशी.

म्हातारी दचकली. तिने पदर सावरला, आधी दाराकडे बघितलं, मग आत्याकडे.

"ओ," ती म्हणाली.

जिन्यावरचा मुलगा थांबला. "आई, हळू," तो म्हणाला. "भायेर मानसं हायेत."

आत्याने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने. आणि म्हातारीने पुन्हा ओ दिली.